खुंटी क्रमांक ११४७

रूळ काढून नेले त्याला अडतीस वर्षं झाली.
भंगाराच्या भावात गेले, असं व्हर्लीन पेटिफोर्ड सांगते.
मंगळवारी सुरुवात केली आणि शुक्रवारपर्यंत
धान्याच्या कोठारापासून नदीवरच्या पुलापर्यंत
जमिनीला नुसत्या हिरड्या उरल्या.

आता मी आलोय,
खांद्यावर तिपाई, खिशात गुलाबी फीत,
व्हर्जिनिया संपून कॅरोलायना सुरू होतं त्या जंगलात.
इथे मार्गाच्या मधोमध पाइनची झाडं उभी आहेत,
तिकीट न काढता चढलेली,
आता उतरा म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करणारी.

काम सोपं आहे. जुना मार्ग शोधायचा
आणि वळेल तिथे सरळ करायचा.
ताशी पावणेदोनशेच्या गाडीला वळण सोसत नाही.

टिलमन्स फोर्डला मार्ग उजवीकडे झुकतो.
टेकडी नाही, ओढा नाही,
जुन्या नकाशात कारण लिहिलेलं नाही.
व्हर्लीन म्हणते, आखणारा साहेब
त्या दिवशी जरा जास्तच जेवला असेल.

तिचे आजोबा याच पट्ट्यावर गँगमध्ये होते.
आठ माणसं, आठ पहारी.
एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी
त्या हाकेच्या शेवटच्या अक्षरावर जोर लावायचा,
की रूळ सरके बोटभर.
मग पुन्हा हाक. पुन्हा बोटभर.
"आणि तू, खुंटीवाल्या," ती म्हणते,
"खुर्चीत बसून अख्खा रस्ता
चाळीस मीटर डावीकडे नेलास."

डावीकडे म्हणजे तिच्या परसात.
कोलार्डचे दोन वाफे, अंजिराचं झाड,
कपडे वाळत घालायची तार.
वाफ्यांच्या कडेला याच मार्गावरचे जुने स्लीपर,
ऊन तापलं की अजून डांबराचा वास सोडणारे.

मला वाटलं होतं, ती भांडेल.
पण सभेत गाडीच्या बाजूने पहिला हात तिचाच होता,
नोटिशीची एकतीस पानं तिने पेन्सिल घेऊन वाचली होती
आणि बाविसाव्या पानावरची माझी बेरीज
चुकली होती, तीही तिनेच दाखवली.

गाडी मलाही हवी आहे.
माझी मुलगी रिचमंडला राहते,
गाडीने येते तेव्हा निम्मा दिवस जातो
आणि उरलेला निम्मा
ती परतीची वेळ बघण्यात घालवते.

"थांबणार का इथे?"
"नाही. जवळचा थांबा पंचेचाळीस किलोमीटरवर."
"शिट्टी तरी?"
"फाटकच नसेल. वरून पूल जाईल.
शिट्टी कुणासाठी वाजवणार?"

ती पानं धूत राहिली.
एक, दोन, देठ मोडून, बादलीत.
मग म्हणाली, "उरलेल्या परसासमोर
किती वेळ असेल ती?"

मी वहीत मांडलं:
बासष्ट मीटर तिची हद्द, दोनशे मीटर गाडी,
सेकंदाला साधारण एकोणपन्नास.
"साडेपाच सेकंद. थोडे कमीच."

"माझी शिंक याहून लांब चालते,"
ती म्हणाली, आणि हसली नाही.
मीही नाही हसलो.
मग कधीतरी दोघंही हसलो,
आणि तिने मला पिशवीभर अंजिरं दिली,
झाडासकट नेणारच आहेस, म्हणाली,
तर आधी चव तरी बघ.

तीन आठवड्यांनी खुणा तपासायला गेलो.
अकराशे शेहेचाळीस, हरणांनी पाडलेली.
अकराशे अठ्ठेचाळीस, शाबूत.
मधलीवर तिने
घेवड्याची वेल चढवली होती,
माझ्याच गुलाबी फितीने
दोन ठिकाणी सैलसर बांधून.

यंत्र लावलं. खुंटी मिलिमीटरभरही हललेली नव्हती.
नोंदवहीत शेऱ्याचा रकाना अरुंद असतो.
मी लिहिलं:
जागेवर आहे. शेंगा धरल्यात.